गिअरबॉक्सचा चेंबर खोलायच्या आधी

नागपूरजवळच्या वाडीला आमच्या शेडमध्ये येणारे ट्रक बहुतेक हाताने गिअर टाकायचे. ऑटोमॅटिक पिकअप महिन्यातून एखादी. त्यामुळे नवे पोट्टे तिला इंजिन ऑइल बदलायचं असल्यासारखा हात घालतात, अन् तिथेच घोळ होतो. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पत्र्याचा ट्रे, काढून फिल्टर बदलणं अवघड नाही, पण सामान आधी मांडून ठेवा. गाडी उघडी टाकून इतवारीच्या लोहाओळीत, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारात, धावायची पाळी यायला नको.

जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. दोन मजबूत घोड्या (गाडी तोलणारे स्टँड) अन् चाकाला लाकडी ठोकळे लावा. मग रॅचेट, लांब एक्स्टेन्शन अन् १० ची गोटी (सॉकेट). चेंबरचे बोल्ट बहुतेक त्याच मापाचे असतात. प्लगसाठी एलन की किंवा मोठी गोटी, जे गाडीला बसेल ते. ऑइल ओतायचा वरचा प्लग सगळ्यात आधी ढिला करून बघा. खालून सगळं ऑइल काढलं अन् वरचा प्लग हललाच नाही, तर गाडी तिथेच बसली.

आता टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना. आमच्याकडचा अर्ध्या इंचाचा पाना ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होतो. या बारीक बोल्टांना साधारण ७ ते १२ च लागतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मी एकदा घाईत अंदाजाने आवळला. बोल्ट आधी कडक झाला, मग एकदम लोण्यासारखा फिरला. अॅल्युमिनियमच्या बॉडीतले आटे गेले होते. दोन दिवस त्या एका भोकापायी गेले. तेव्हापासून पाव इंचाचा लहान टॉर्क पाना माझ्या पेटीत वेगळ्या कपड्यात गुंडाळलेला असतो, अन् तो कोणाला उसना देत नाही.

चेंबर चिकटून बसला असेल तर रबरी हातोडीने कडेला ठोका. पेचकस घालून उचकटाल तर कड वाकते अन् नवं पॅकिंगही गळतं. खाली रुंद ट्रे हवा, कारण ऑइल चारी बाजूंनी सांडतं. निघालेलं ऑइल मापाच्या मगमध्ये मोजा. तेवढंच परत घालायचं आहे. बरंचसं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन अन् गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलभरला भाग) अन् आतल्या वाटांमध्येच राहतं, म्हणून ‘कमीच निघालं’ म्हणून घाबरू नका.

जुना फिल्टर निघाला की त्याची ओ-रिंग (रबरी गोल कडी) त्याच्यासोबत आली का ते बघा. कधीकधी ती वरच्या भोकातच राहते. तिच्यावर नवी चढवली तर फिल्टर नीट बसत नाही अन् पंप हवा ओढतो. त्यासाठी टॉर्च अन् बोथट टोकाचा हुक ठेवा. चेंबरमधल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल असणं ठीक. चमकते तुकडे सापडले तर फिल्टर बदलून भागणार नाही. पुसायला धागे न सुटणारा कपडा घ्या, कॉटन वेस्ट नको. एक धागासुद्धा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

बऱ्याच पिकअपला डिपस्टिक नसते. बाजूच्या भोकातून हातपंपाने ऑइल भरायचं, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये थोडा थांबवत फिरवायचा, अन् ऑइलच्या ठरलेल्या तापमानाला ओव्हरफ्लोचा, म्हणजे जास्तीचं ऑइल बाहेर सोडणारा, प्लग खोलायचा. कित्येक गाड्यांना ते ३५ ते ४५ अंश असतं. इथे गंमत आहे बापा. मे महिन्यात नागपुरात दुपारी हवाच ४५ वर जाते, म्हणजे इंजिन चालू करायच्या आधीच ऑइल हद्दीला टेकलेलं. गरम ऑइल फुगतं, जास्तीचं वाहून जातं, अन् थंड झालं की कमी पडतं. म्हणून हे काम उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला करतो, गाडी रात्रभर उभी ठेवून.

तापमान बघायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे दाखवणारं यंत्र, लागतोच. इन्फ्रारेड गन चेंबरचा पत्रा सांगते, आतलं ऑइल नाही. स्कॅनरवर आकडा हद्दीत आला की प्लग खोला, धार बारीक होऊन थेंबावर आली की नवा वॉशर घालून बंद करा.