ओपनसीव्ही सोर्समधून बसवताना: 'मेक' म्हणण्याआधी

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मला सिफ्ट आणि सर्फ या फोटोतल्या ठळक खुणा शोधणाऱ्या दोन अल्गोरिदमची तुलना करायची होती. त्यासाठी ओपनसीव्ही ही फोटो-व्हिडिओवर काम करणारी लायब्ररी हवी होती. सिफ्टचं पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि ४.४.० पासून ते ओपनसीव्हीच्या मुख्य भागातच आलं, त्यामुळे ते आयतं मिळालं. सर्फ मात्र पेटंटमुळे अजून कुलपात आहे. ते 'कॉन्ट्रिब' या जादा भांडारात असतं आणि 'नॉनफ्री' पर्याय चालू करून सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, बांधलं तरच चालतं. पिपच्या (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) तयार पॅकेजात तो पर्याय बंद असतो. तुमचं असं काही अडलं नसेल, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर कूडाही (कार्डाकडून गणितं करून घ्यायची सोय) चालवायचं नसेल, तर खुशाल पिपने बसवा. सोर्समधून बांधलं म्हणून व्हायव्हाला कोणी जास्त मार्क देत नाही.

माझ्याकडे लॅबच्या कोपऱ्यातला उबंटूचा डेस्कटॉप होता. चार कोअर, ८ जीबी रॅम.

पहिली ठेच भांडारांवरच लागली. मुख्य ओपनसीव्ही एका ठरावीक आवृत्तीचं घेतलं आणि कॉन्ट्रिब जे समोर आलं ते. अर्धं कंपाइल झाल्यावर भलत्याच फाईलमध्ये एरर. दोन्हींचा टॅग (आवृत्तीचं लेबल) अगदी तोच हवा.

मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करणारी आज्ञा. चार कोअर आहेत म्हणून चार कामं एकदम लावली, वर ब्राउझरही उघडा. मशीन गोठलं आणि 'किल्ड' असा शब्द येऊन सगळं थांबलं. मी तासभर कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच, रॅम संपल्यामुळे लिनक्सने कंपायलरलाच मारलं होतं. दोन कामांवर आलो, स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला, तेव्हा गाडी पुढे सरकली. अशा वेळी बिल्ड फोल्डर पुसू नका, मेक जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं.

पण खरा वेळ खाल्ला तो सीमेकने, म्हणजे माझ्या आळसाने. सीमेक मेकच्या आधी चालतं, मशीनवर काय काय आहे ते बघून बांधणी ठरवतं आणि संपताना टर्मिनलवर लांबलचक यादी सोडतं. मी ती न वाचता मेक मारलं. दोनेक तासांनी बांधणी झाली, आनंदाने एक फोटो उघडायला गेलो, तर उत्तर आलं की हे फंक्शन उपलब्धच नाही, जीटीकेसह (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारं साधन) लायब्ररी पुन्हा बांधा. वर जाऊन यादी पाहिली. 'जीयूआय'समोर स्वच्छ 'नन' लिहिलेलं! जीटीकेचं डेव्हलपमेंट पॅकेज मशीनवर नव्हतं. सीमेकने तक्रार न करता खिडकी उघडण्याची सोयच वगळली होती. एफएफएमपेग या व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीच्या फाईली नसतील तर व्हिडिओचीही हीच गत होते.

म्हणून त्या यादीत एवढं तरी बघा. जीयूआयसमोर जीटीके किंवा क्यूटी हवं. एफएफएमपेगसमोर 'येस' हवं. 'नॉनफ्री अल्गोरिदम्स'समोरही 'येस' हवं (अर्थात सर्फ हवं असेल तर). पायथन ३ च्या रकान्यात इंटरप्रिटर, नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) आणि पॅकेज जिथे जाणार तो पत्ता, तिन्ही दिसायला हवेत. नमपाय आधी बसवलेलं नसेल, तर पायथनचा भाग बांधलाच जात नाही. अ‍ॅनाकोंडा (पायथनचा वेगळा तयार संच) असेल तर तो पत्ता दोनदा वाचा, सीमेक भलतंच पायथन उचलतं. काही कमी दिसलं, तर पॅकेज घाला, बिल्ड फोल्डर रिकामा करा आणि सीमेक पुन्हा चालवा. इथे मात्र पुसायचंच, कारण जुनी उत्तरं कॅशमध्ये चिकटून राहतात. चाचण्या आणि उदाहरणं बंद ठेवलीत तर वेळही वाचतो.

पुढचं सोपं. सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या हक्काने) मेक इन्स्टॉल, मग एलडीकॉन्फिग, म्हणजे नव्या लायब्ररीची सिस्टिमकडे नोंद. हे दुसरं विसरलात तर सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम सुरू होतानाच 'शेअर्ड लायब्ररी सापडली नाही' म्हणून हात वर करू शकतो.

दुसऱ्यांदा सगळं नीट केलं. यादीत नॉनफ्री 'येस', जीटीके हजर. पायथनमध्ये सर्फ बोलावलं, तर निरोप आला: हा अल्गोरिदम पेटंटमुळे वगळला आहे, पर्याय चालू करून लायब्ररी पुन्हा बांधा. पुन्हा बांधा! मी तर रडकुंडीला आलो. शेजारच्या दादाने शांतपणे विचारलं, "तू इम्पोर्ट नक्की कुठलं करतोयस?" सीव्ही२ च्या, म्हणजे पायथनमधल्या ओपनसीव्हीच्या, फाईलचा पत्ता छापला, तर माझ्याच होम फोल्डरमध्ये महिन्यापूर्वी पिपने बसवलेलं पॅकेज पुढे उभं होतं. पायथन तिथे आधी बघतं आणि माझी दोन दिवसांची मेहनत मागे रांगेत. पिपचं पॅकेज काढून टाकलं. पुढच्याच मिनिटाला सर्फने फोटोवर गोल काढायला सुरुवात केली.