पन्हा आधी, डिझाइन नंतर: आफ्रिकी कापडांचा छोटा ब्रँड नाशिकमधून

कुर्त्याची डिझाइनं काढायची आणि मग त्यांना शोभेल असं कापड शोधायचं, हा नेहमीचा क्रम. आफ्रिकेतल्या पारंपरिक कापडांना तो चालत नाही. घानामधल्या केंटेची पट्टी मागावर जेमतेम 4 इंच रुंद निघते आणि अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून मोठं वस्त्र होतं. मालीचं चिखलाने रंगवलेलं कापड, बोगोलान, तेही अरुंद पट्ट्या जोडूनच बनतं. वॅक्स प्रिंटचा, म्हणजे बाटिकसारखी नक्षी यंत्रावर छापलेल्या सुती कापडाचा, पन्हा साधारण 46 इंच असतो, पण ते 6 किंवा 12 यार्डांच्या तुकड्यात मिळतं. पन्हा, तुकड्याची लांबी आणि नक्षीचा आकार हातात आल्याशिवाय कागदावर रेघ ओढू नका. पहिल्या हंगामात एकच कापड घ्या. सुरुवातीला वॅक्स प्रिंट किंवा नायजेरियाचं निळीत रंगवलेलं आदिरे सोयीचं, केंटे नंतर.

कापडाचं नाव खरं सांगणं हा या धंद्याचा पाया आहे. येवल्याची हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल यांतला फरक नाशिककर गिऱ्हाईक ओळखतं, तोच नियम इथेही लावा. केंटेची नक्षी छापलेलं सुती कापड म्हणजे केंटे नव्हे. ते ‘केंटे नक्षीचं छापील कापड’ म्हणूनच विका. घानातल्या केंटे विणकामाचा युनेस्कोच्या यादीत 2024 मध्ये समावेश झाला आहे, त्या विणकरांच्या मेहनतीच्या नावावर छापील तुकडा खपवणं अन्यायाचं आहे. वॅक्स प्रिंटचा उगमही लपवू नका. ती जावाच्या बाटिकवरून युरोपात यंत्रावर घडलेली छपाई. वॅक्स प्रिंट बनवणारी, 1846 पासून चालणारी व्हलिस्को ही कंपनी नेदरलँड्समधल्या हेल्मंडची. पश्चिम आफ्रिकेने हे कापड मनापासून आपलंसं केलं, हे खरंच. पण लेबलवर ‘हातमाग’ लिहिलं तर ते खोटं ठरेल.

माल मागवण्याआधी आयात-निर्यात कोड काढा. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क 500 रुपये. पहिल्या खेपेला प्रत्येक नक्षीचा एकच तुकडा मागवा. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून घेण्याचा मोह टाळा. विक्रीचा माल तसा दाखवणं बेकायदा आहे आणि पार्सल मुंबईत अडकतं. बिलावर धाग्याचा प्रकार, विणलेलं की छापलेलं, पन्हा, लांबी आणि देश एवढं आलंच पाहिजे, कारण कराचं वर्गीकरण त्यावरून ठरतं. बंदी असलेले अ‍ॅझो रंग (एक प्रकारचे कृत्रिम रंग) त्यात नाहीत, असं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही विक्रेत्याकडून मागा. ते नसेल तर नमुना तपासणीला जातो आणि तेवढे दिवस माल गोदामात पडून राहतो.

कापड आलं की लगेच कातर लावू नका. 50 बाय 50 सेंटिमीटरचा चौकोन कापा, गिऱ्हाईक धुवेल तसा धुवा, सावलीत वाळवा, मोजा. एक बाजू 48.5 भरली तर कापड 3 टक्के आटलं. तेवढा आट धरून सगळं कापड आधी भिजवून घ्या, मगच कटिंग. ओल्या पांढऱ्या फडक्याने नक्षीवर दहा वेळा घासून बघा. आदिरेची नीळ सुरुवातीला हमखास उतरते. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने नीळ पक्की होते ही समजूत चुकीची आहे. धाग्याला न चिकटलेली वरवरची नीळच निघून जात असते, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत गार पाण्यात खळबळा. पांढरं अस्तर आणि पांढरा दोरा आदिरेला लावू नका.

बोगोलानची गोष्ट वेगळी. कापड आधी न्गालामा या झाडाच्या पानांच्या काढ्यात बुडवतात. हे झाड आपल्या धावड्याच्याच कुळातलं. पानांतलं टॅनिन (तुरट द्रव्य) कापडात शिरतं, वर आंबवलेला लोहयुक्त चिखल रंगवला की दोन्ही मिळून काळा रंग बसतो. आपल्याकडे हिरडा आणि लोहपाण्याने काळा करतात, तीच ही रसायनं. सुटा चिखल पहिल्या धुण्यांत निघतो, तेव्हा घाबरू नका, पण गिऱ्हाइकाला आधी सांगा. पांढरी नक्षी पारंपरिक पद्धतीत कॉस्टिक सोडा असलेल्या साबणाने उडवलेली असते, त्या जागी धागा कमजोर होऊ शकतो. म्हणून काखेत, बसायच्या भागात किंवा खिशाच्या तोंडाशी तो भाग येऊ देऊ नका. जॅकेट, पिशवी, पाठीचा पॅनल यांना बोगोलान उत्तम, आत सुती अस्तर हवंच.

शिवणाऱ्या मास्तरांना थेट मूळ कापड देऊ नका. मांजरपाटाचा एक नमुना शिवून, घालून, सुधारून घ्या. मालेगावचं साधं सुती कापड जिल्ह्यातच मिळतं, त्यामुळे हा खर्च फार होत नाही. 46 इंच पन्ह्यात 42 इंच उंचीच्या मध्यम मापाच्या कुर्त्याला सुमारे अडीच मीटर लागतं. 6 यार्ड म्हणजे साडेपाच मीटरला थोडं कमी, त्यात दोन कुर्ते निघून अर्धा मीटरच्या आसपास उरतो. मोठं फूल किंवा वर्तुळ असेल तर ते पाठीच्या मध्यावर बसवून मगच बाकीचे भाग मांडा, आणि कापड थोडं जास्त धरा. केंटे तिरक्यात कापू नका. कापलेली कड लगेच सुटते, त्यामुळे कापण्यापूर्वीच मागे पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, कापल्यावर ओव्हरलॉक करा. केंटे योक (खांद्याजवळचा जोड), कफ, काठ यांपुरतंच वापरणं शहाणपणाचं.

आता पैशाचा हिशेब, इथेच बहुतेक ब्रँड बुडतात. समजा वाहतूक आणि सीमाशुल्क धरून कापड 450 रुपये मीटर पडलं. अडीच मीटरचे 1,125. अस्तर-बटणं 120, शिलाई 350, लेबल-पॅकिंग 60, खराब माल आणि नमुन्यांसाठी 120. एकूण 1,775. सध्या 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर 18. म्हणून करापूर्वीची किंमत 2,450 ठेवली तर उरतात 675. कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानाने 30 टक्के कमिशन मागितलं तर 735 तिथेच गेले, म्हणजे तोटा. तोच कुर्ता अंगाला मालेगावच्या सुती कापडाचा (2 मीटर, 120 रुपयांनी 240) आणि योक, कफ, पट्टीला 60 सेंटिमीटर आफ्रिकी कापड (270) असा केला, की एकूण 1,160 येतात. कमिशन देऊनही 555 उरतात. दिसायलाही हा कुर्ता अनेकदा जास्त सुंदर होतो.

कतरण नक्षीप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. 10 सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे गोधडी, पाऊच आणि गुंडाळलेल्या बटणांना जातात, त्याहून बारीक ते उशीत भरायला. पावसाळ्यात आदिरे आणि बोगोलान प्लास्टिकमध्ये बंद करू नका, बुरशी येते. कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) खळीने नक्षी केलेल्या आदिरेत खळ राहिली असेल तर कसर लागते, म्हणून ती पूर्ण धुऊन काढा. मग सुती खोळीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, दर पंधरा दिवसांनी घड्या बदलत ठेवा.