आवडत्या बँडचा कार्यक्रम ऐकून आल्यावर मन खट्टू झालं तर

वर्षानुवर्षं जे गाणं जागलीवर ऐकलं, रात्रीची लाइट आल्यावर मोटर सुरू करून धुऱ्यावर बसून ऐकलं, तेच गाणं नागपूर-अमरावतीच्या मैदानात प्रत्यक्ष ऐकून यावं, अंगावर काटाही यावा आणि तरी गावात पाऊल टाकताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटावं, हे पुष्कळांचं होतं. त्यात बँडशी बेइमानी नाही. या वाटण्याला बहुतेक वेळा कारणं असतात आणि ती एकेक करून वेगळी काढता येतात.

पहिली गोष्ट, त्याच रात्री निकाल लावू नका. ८५ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) आवाज कानाला दिवसाकाठी ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. तेवढ्या आवाजाच्या दोन तासांच्या कार्यक्रमात आठ दिवसांचा वाटा कानांनी एका रात्रीत घेतलेला असतो. म्हणून बाहेर पडल्यावर कान बधिर होतात, सूं आवाज येतो, बारीक झणकार ऐकूच येत नाहीत. अशा कानांनी परतीच्या गाडीत मूळ गाणं लावलं की तेही फिकं वाटतं आणि जीव आणखी हिरमुसतो. दोन दिवस इअरफोन बाजूला ठेवा. सूं आवाज दोन दिवसांनंतरही राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरला दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

मग वहीचं एक पान घ्या आणि आठवेल ती प्रत्येक तक्रार लिहा. समोर एकच शब्द टाका: जागा, बँड किंवा मी.

‘जागा’ हा रकाना सगळ्यात लवकर भरतो. अगदी पुढे कठड्याला टेकून उभे असाल तर मोठ्या स्पीकरांचा आवाज डोक्यावरून मागे जातो. तुम्हाला ऐकू येतो तो ड्रमचा आणि गिटारच्या अॅम्पचा, म्हणजे स्टेजवरच्या तिच्या स्वतःच्या स्पीकरचा. गायकाचे शब्द समजले नाहीत याचं कारण बहुधा एवढंच. मागे ७० मीटरवर असाल तर आवाज पोहोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणून ड्रमवर काठी आधी पडताना दिसते आणि ठोका मागून येतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० कंपनांच्या खोल ठोक्याची लाट साधारण ५.७ मीटर लांब असते. डाव्या-उजव्या स्पीकरांच्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना मारतात, त्यामुळे एका जागी छाती दणाणते आणि दीड-दोन मीटरवर ठेका पोकळ लागतो. पुढच्या वेळी साउंडवाल्याचा मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटणांचं टेबल, शोधा आणि त्याच्या जरा पुढे, मधल्या रेषेवर उभे राहा. तो आवाज बसवतो तो स्वतःच्या कानाने, म्हणून तिथलं ऐकणं सर्वांत खरं.

मोकळ्या मैदानात हवाही खेळ करते. दिवसा उन्हाने जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो आणि मागच्या लोकांना क्षीण लागतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन गार पडली की तोच आवाज खाली वळतो. गावाबाहेरच्या मंडपातलं भजन दोन वावरं पलीकडे स्पष्ट ऐकू येतं ते याचमुळे. शिवाय साउंडवाल्याला गर्दीचा अंदाज यायला पहिली दोन-तीन गाणी जातात. त्या गाण्यांवरून बँडला नावं ठेवू नका.

आता ‘बँड’. गाणं खाली उतरल्यासारखं वाटलं असेल तर तपासून बघा. मोबाइलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा आणि मूळ गाणं दोन्ही गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांना ऐकवा आणि विचारा, “काका, पट्टी कोणती?” मूळ काळी दोन आणि मैदानात पांढरी दोन निघाली, तर गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली आहे. स्टुडिओत उंच सूर दहा वेळा घेऊन त्यातला एक ठेवता येतो, स्टेजवर दोन तास गाऊन झाल्यावर तो एकदाच आणि तिथेच लावावा लागतो. गळा टिकवण्यासाठी पट्टी उतरवणं हा शहाणपणा आहे. लयीसाठी १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. २४ ठोक्यांचे २६ झाले असतील तर लय ९६ वरून १०४ वर गेली. गर्दीसमोर लय चढतेच.

आवाज विरळ वाटण्याचं कारण वेगळं. रेकॉर्डिंगमध्ये एकच गळा, एकच गिटार दोन-तीनदा घेऊन थरावर थर चढवलेले असतात. स्टेजवर माणसं चार-पाच. ढोलकी किंवा डफडं असेल तर दहिवराने कातडं सैलावतं आणि आवाज बसतो. आपल्याकडे डफडं शेकवतात ते उगाच नाही. मोबाइलचा तुकडा मात्र पुरावा धरू नका. इतक्या जोराच्या आवाजापुढे त्याचा माइक फाटतो आणि ठेका गिळून टाकतो. त्याच्यावर पट्टी आणि लय तेवढी बघायची.

सर्वांत लाडकं गाणं वाजलंच नाही, हे दुःख मोठं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावे लागतात. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला की कात्री शेवटाला लागते, आणि बँडचं हुकमी गाणं शेवटीच ठेवलेलं असतं.

‘मी’च्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा. शेवटची एसटी चुकेल म्हणून घड्याळ बघत होतात का? मग ती तीन गाणी तुम्ही ऐकलीच नाहीत. पुढच्या खेपेला नागपुरात नातेवाइकाकडे मुक्काम ठरवा, नाहीतर चौघांत गाडी करा आणि जेवून निघा. कानात कापसाचा बोळा नको, त्याने फार थोडा आवाज अडतो. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा.

पान भरल्यावर खाली जागा ठेवा आणि तिथे रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं लिहा: गायक थांबला आणि पूर्ण मैदानाने कडवं उचललं तो क्षण, नाहीतर वादकाने मधेच बदललेली गाण्यातली एखादी जागा. तिसऱ्या दिवशी, नेहमीच्या धुऱ्यावर, मूळ गाणं आधी स्पीकरवर आणि मग इअरफोनवर लावा. ती बदललेली जागा जवळ आली की कान आपोआप तिची वाट बघायला लागतात.