विंडोज उघडत नाही? पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा आणि आधी फायली काढून घ्या

लॅपटॉप चालू केला की कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके गोल गोल फिरत राहतात आणि पुढे काहीच होत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." त्याला जरा थांबवा. पुष्कळदा बिघडलेलं असतं ते फक्त विंडोज. फोटो आणि कागदपत्रं डिस्कवर जागच्या जागी असतात. माझ्या आत्याचा लॅपटॉप असाच फॉरमॅट व्हायला निघाला होता. पेनड्राइव्हवरून तो सुरू केला, तर 'चिऊचं बारसं' हा फोल्डर जसाच्या तसा समोर आला. ही रीत घरातल्या एकाला तरी यायलाच हवी.

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि चालू स्थितीतला दुसरा विंडोज कॉम्प्युटर घ्या. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जाणार आहे, तेव्हा त्यातलं सगळं आधी दुसरीकडे हलवा. लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच, पण पेनड्राइव्हवरूनही चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एकाच फाइलमध्ये) डाउनलोड करा. मोफत आहे, साधारण ३ जीबीची.

बहुतेकांची गाडी इथे अडते: ती फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही. लॅपटॉप सुरू करणारा बूटलोडर त्या फाइलच्या पोटात असतो. तो पेनड्राइव्हवर नीट मांडावा लागतो. हे काम रूफस नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर करतं. रूफस उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, 'स्टार्ट' दाबा. मध्ये प्रश्न विचारला तर 'रेकमेंडेड' लिहिलेला पर्याय ठेवा. बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर आधी काढा. चुकून ती निवडली गेली तर तीच पुसली जाईल.

आता बिघडलेला लॅपटॉप. पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून तो पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह लावा, लॅपटॉप चालू करा आणि लगेच बूट मेनूची (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची) की टकटक दाबत राहा, धरून ठेवू नका. डेल आणि लेनोवोला सहसा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसूसला एस्केप. एसरमध्ये एफ१२ चालत नसेल तर एफ२ने बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन 'एफ१२ बूट मेनू' एनेबल करा. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला निवडा.

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप येईल. तो पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालतो, डिस्कवर काही लिहीत नाही. तिथल्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या आयकॉनला मात्र हात लावू नका. फाइल मॅनेजर उघडा, डावीकडे लॅपटॉपची डिस्क दिसेल. तिच्यात 'युजर्स', मग तुमचं नाव, मग 'पिक्चर्स', 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स'. डिस्क 'रीड-ओन्ली' असेल तरी घाबरू नका, वाचायला आणि कॉपी करायला तेवढं पुरतं.

डिस्कने कुलूप दाखवून की मागितली तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजनेच डिस्कला लावलेलं कुलूप. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. मोबाइलवरून लॉगिन करून बघा. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिथेच थांबा, लॅपटॉप बंद करा. तो बिघाड डिस्कचाच असतो. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

बाकी सगळं ठीक असेल तर आता बाहेरची हार्डडिस्क लावा, हवं ते कॉपी करा आणि 'इजेक्ट' करूनच काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाच-दहा फोटो खरोखर उघडून बघा, आणि मगच दुरुस्तीवाल्याला फॉरमॅट करायला सांगा.