अल्जीरियाच्या स्वातंत्र्यावर लिहिताय? मग या चुका टाळा

गेली काही वर्षं मी यूपीएससीवाल्या मुलांची वर्ल्ड हिस्ट्रीची उत्तरं तपासून देते. निर्वसाहतीकरणाचा, म्हणजे वसाहती स्वतंत्र कशा झाल्या याचा, प्रश्न आला की अल्जीरिया हमखास येतो आणि अल्जीरिया आला की त्याच त्या चुकाही येतात. त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसलेय, त्यामुळे कुणावर हसत नाहीये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "अल्जीरिया ही भारतासारखीच एक वसाहत होती" हे वाक्य. बाकीचे घोळ बहुतेक इथूनच सुरू होतात. फ्रान्सने 1848 मध्ये अल्जीरिया हा आपलाच भाग म्हणून जाहीर केला आणि अल्जिअर्स, ओरान, कॉन्स्टन्टाइन असे तीन जिल्हे पाडले, कागदोपत्री अगदी फ्रान्समधल्या जिल्ह्यांसारखे. शेजारचे ट्युनिशिया (1881) आणि मोरोक्को (1912) ही मात्र संरक्षित राज्यं, तिथे बे (ट्युनिशियाचा राजा) आणि सुलतान नावाला का होईना गादीवर होते, म्हणून ती दोन्ही 1956 च्या मार्चमध्ये फारसं मोठं युद्ध न होता सुटली. अल्जीरिया सोडणं म्हणजे पॅरिसच्या लेखी स्वतःच्या देशाचा तुकडा पाडणं. गोव्याच्या लोकांना हे पटकन कळेल, सालाझारने 1951 मध्ये वसाहत हा शब्द काढून गोव्याला 'ओव्हरसीज प्रॉव्हिन्स' केलं ना, तोच प्रकार.

मग पोरं विचारतात, फ्रान्सचा भाग होता तर तिथले लोक फ्रेंच नागरिक असतील ना, भांडण कशाचं? इथे 1947 चा कायदा बघा. अल्जीरियाच्या असेंब्लीत 120 जागा, त्यातल्या 60 मुख्यतः साधारण 10 लाख युरोपियन लोकांसाठी आणि उरलेल्या 60 जवळपास 80 लाख मुस्लिमांसाठी. वर 1948 च्या निवडणुकीत सरकारनेच सरळसरळ घोटाळा केला. एवढं एक उदाहरण दिलंत तर "अन्यायकारक धोरणे" वगैरे पोकळ वाक्यांची गरजच उरत नाही.

पंख्याच्या गोष्टीत फार अडकू नका. 1827 मध्ये अल्जिअर्सच्या देई (म्हणजे तिथला शासक) हुसेनने माश्या हाकलायच्या पंख्याने फ्रान्सच्या तिथल्या प्रतिनिधीला फटका मारला आणि म्हणून फ्रान्सने हल्ला केला, असं लिहिणारे खूप. फटका खरा आहे, पण वाद होता फ्रान्सने अनेक वर्षं थकवलेल्या गव्हाच्या बिलांचा, आणि हल्ला झाला तीन वर्षांनी, राजा दहावा चार्ल्स घरी डळमळीत झाल्यावर. गंमत बघा, अल्जिअर्स पडलं 5 जुलै 1830 ला आणि महिना संपायच्या आत पॅरिसच्या लोकांनी राजालाच उलथवलं.

आता 1 नोव्हेंबर 1954. एफएलएनने, म्हणजे अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, त्या रात्री लढा सुरू केला हे बरोबर, पण उत्तर तिथूनच सुरू केलंत तर हे लोक अचानक इतके चिडले कसे ते कळत नाही. त्याआधी 8 मे 1945 लिहा. युरोपात युद्ध संपल्याचा जल्लोष चालू होता, सेतिफमध्ये मिरवणुकीत अल्जीरियाचा झेंडा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, मग शंभरेक युरोपियन मारले गेले आणि त्याचा बदला म्हणून सेतिफ, गुएल्मा, खेराता भागात लष्कराने आणि सशस्त्र वसाहतवाल्यांनी हजारो लोक मारले. नेमके किती यावर एकमत नाही, अल्जीरिया 45,000 म्हणतो, तेव्हाचं फ्रेंच सरकार हजाराच्या आसपास. असे आकडे कुणाचे ते सांगूनच लिहायचे, स्वातंत्र्ययुद्धातल्या 15 लाख शहीदांचंही तेच, तो अल्जीरियाचा अधिकृत आकडा आहे, इतिहासकारांचे अंदाज बरेच खाली आहेत.

"अल्जिअर्सची लढाई एफएलएनने जिंकली" हे तर दर बॅचमध्ये एकदा येतंच. 1957 मध्ये फ्रेंच जनरल मासूच्या पॅराट्रूपर्सनी कसबा या जुन्या वस्तीतलं एफएलएनचं जाळं मोडून काढलं, त्यांचा नेता लार्बी बेन मिहिदी कोठडीत मारला गेला आणि आत्महत्या म्हणून सांगण्यात आलं. फ्रान्स लढाई जिंकला, पण छळाच्या बातम्या बाहेर आल्या आणि घरातच नाचक्की झाली. पुढे 13 मे 1958 ला अल्जिअर्समध्ये फ्रेंच अल्जीरिया टिकवू पाहणाऱ्या युरोपियन लोकांचा आणि लष्कराचा उठाव झाला, पॅरिसचं सरकार कोसळलं, दुसऱ्या महायुद्धातला फ्रेंच नेता द गॉल सत्तेवर परत आला. म्हणूनच "द गॉलने स्वातंत्र्य दिलं" हेही अर्धवट आहे, कारण 4 जूनला बाल्कनीतून "मला तुमचं म्हणणं कळलं" म्हणणाऱ्या या माणसाने दोनच दिवसांनी मोस्तागानेममध्ये फ्रेंच अल्जीरियाचा जयजयकार केला होता. स्वयंनिर्णयाची भाषा आली सप्टेंबर 1959 मध्ये.

तारखांचा गुंता सुटत नसेल तर असं बघा. फ्रान्स आणि एफएलएनमधला एव्हियाँ करार 18 मार्च 1962, युद्धबंदी दुसऱ्या दिवशी. 8 एप्रिलचं सार्वमत फ्रान्समधलं, करार मान्य का एवढंच विचारणारं. अल्जीरियाचं सार्वमत 1 जुलैचं, होकार 99 टक्क्यांच्या वर. फ्रान्सने मान्यता दिली 3 जुलैला, पण अल्जीरिया साजरा करतो 5 जुलै, कारण 132 वर्षांपूर्वी अल्जिअर्स पडलं ते त्याच तारखेला. जानेवारी 1961 चं सार्वमत यात मिसळू नका, ते स्वयंनिर्णयावरचं होतं.

आणि उत्तर 5 जुलैलाच संपवू नका. त्या उन्हाळ्यात एफएलएनचेच गट एकमेकांवर बंदुका रोखून होते आणि लोक रस्त्यावर ओरडत होते, "सात वर्षं झाली, आता बस!"

ज्यांना 1 नोव्हेंबर 1954 लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी एक जोडी देते, पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सने भारताकडे दिला तो नेमका त्याच दिवशी. त्याचा करार 1956 मध्ये झाला, पण फ्रेंच संसदेची मंजुरी अल्जीरियाचा प्रश्न मिटेपर्यंत लटकली आणि कायदेशीर हस्तांतर झालं थेट 16 ऑगस्ट 1962 ला.