‘आउटलिव्ह’ म्हणजे ‘जास्त जगणे’ नव्हे

‘आउटलिव्ह’चा अर्थ ‘पेक्षा जास्त जगणे’ असा पाठ केला की गोंधळ होतो, कारण हे क्रियापद वय मोजत नाही. आधी कोण गेले आणि मागे कोण राहिले, एवढेच ते सांगते. औरंगजेब १७०७ मध्ये वारला तेव्हा ८८ वर्षांचा होता. महाराणी ताराबाई १७६१ मध्ये, ८६ व्या वर्षी गेल्या. वय बादशहाचे जास्त, तरी इंग्रजीत म्हणायचे ‘ताराबाई आउटलिव्ड औरंगजेब’. तेव्हा मनात ‘मागे राहणे’ हा अर्थ धरा.

उच्चारात ‘लिव्ह’ ऱ्हस्व आणि जोर त्याच्यावर, ‘लाइव्ह’ नको.

मराठीतल्या ‘पेक्षा’मुळे हात आपोआप ‘दॅन’कडे जातो. तो आवरा. ज्याच्या मागे राहिले त्याचे नाव क्रियापदाला थेट चिकटते, मध्ये ‘दॅन’ नाही, ‘आफ्टर’ही नाही. किती वर्षे मागे राहिले ते सांगायचे असेल तर शेवटी ‘बाय’ लावून अंतर लिहा: ‘बाय फिफ्टी-फोर इयर्स’. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले, म्हणून पतीच्या बाबतीत हेच अंतर सुमारे ६१ वर्षे.

मृत्यूचा संबंध नसून चिकाटीचा किंवा टिकाऊपणाचा असेल तर ‘आउटलास्ट’ घ्या. एक चप्पल दुसरीपेक्षा दोन पावसाळे जास्त टिकली, तिथे हेच. मराठे मोगलांना पुरून उरले, तिथेही हेच. ‘पुरून उरणे’ला इतका जवळचा इंग्रजी शब्द क्वचितच मिळतो.

‘आउटलिव्ह इट्स यूजफुलनेस’ हा ठरलेला प्रयोग आहे: उपयोग संपला, वस्तू किंवा नियम मात्र उरला. निवृत्तीच्या नियोजनातले ‘आउटलिव्ह युअर सेव्हिंग्ज’ मराठीत आणताना शब्दाला शब्द लावू नका. ‘आयुष्य आहे, पण पुंजी संपली’ असे लिहा.

निधनवार्तेतल्या ‘पश्चात पत्नी व दोन मुले असा परिवार आहे’ याला ‘आउटलिव्ह’ चालत नाही. तिथे ‘ही इज सर्व्हाइव्ड बाय हिज वाइफ अँड टू सन्स’. इथे ‘बाय’पुढे माणसे येतात, वर्षे नव्हेत. आणि ‘अपघातातून वाचला’ लिहिताना त्या ‘तून’साठी ‘फ्रॉम’ घालू नका. ‘सर्व्हाइव्ड द ॲक्सिडेंट’ एवढेच पुरते.