तळ्याकाठी घर घेतलंत? मुरिंग मागण्याआधी एवढं वाचा

अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये विनिपसॉकी तळ्याकाठच्या आमच्या घरमालकांच्या असोसिएशनमध्ये यंदा चौथं मराठी घर आलं. पहिलं आमचं, त्याला आता सतरा वर्षं होतील. नवीन कुणी राहायला आलं की आठवड्याभरात फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "काका, बोट घ्यायचं चाललंय. मुरिंग कधी मिळेल?" प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

मुरिंग, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायची ठरलेली जागा, घराबरोबर मिळत नाही. आम्ही घर बघायला आलो तेव्हा एजंटने पाण्यातल्या पांढऱ्या, निळ्या पट्ट्याच्या तरंगत्या बोयांकडे हात करून सांगितलं होतं की यातला एक तुमचा. सह्या झाल्या, चाव्या मिळाल्या आणि मग कळलं की प्रतीक्षायादीत आमचा नंबर एकविसावा. आठ उन्हाळे थांबलो. एजंटचं बोलणं कागदावर कुठेच नव्हतं, त्यामुळे दाद मागायलाही जागा नव्हती. तेव्हा सही व्हायची असेल तर आधी, आणि झाली असेल तर या आठवड्यात, घराची डीड (मालकीचा दस्त), असोसिएशनचं डिक्लरेशन (कुणाचे हक्क काय हे सांगणारा मूळ दस्त) आणि बायलॉज (नियमावली) हे तिन्ही कागद मिळवा आणि बैठक मारून वाचा. डीडमध्ये बीचचा हक्क लिहिलाय का, मुरिंगबद्दल एक तरी शब्द आहे का, आणि घर विकलंत तर यादीतला नंबर पुढच्या मालकाला जातो की गळतो, एवढं तरी शोधून काढाच. आमच्याकडे गळतो.

आता मालकीचं. किनाऱ्याची जमीन आपल्या सगळ्यांची सामायिक, पाणी मात्र आपलं नाही. न्यू हॅम्पशरमध्ये १० एकरांहून मोठं नैसर्गिक तळं जनतेच्या मालकीचं असतं आणि राज्य त्याचं विश्वस्त असतं. हे तळं तर सुमारे ७० चौरस मैलांचं. बोयाचा नांगर ज्या तळावर टेकतो तो तळही जनतेचाच, म्हणून मुरिंगला राज्याचा परवाना लागतो, तो मरीन पेट्रोलकडून, म्हणजे राज्याच्या पाण्यावरच्या पोलिसांकडून, काढावा लागतो आणि त्याचं स्टिकर बोयावर लावावं लागतं. असोसिएशन सगळ्यांच्या वतीने जागा सांभाळते आणि यादीप्रमाणे वापरायला देते. म्हणून ती जागा भाड्याने देता येत नाही, नॅशुआच्या मित्राची बोट महिनाभर बांधून ठेवता येत नाही, आणि सलग दोन उन्हाळे रिकामी राहिली तर आमच्या नियमाने पुढच्याला जाते. यात कुणी तुमच्यावर अन्याय करतंय असं मनात आणू नका. तुमच्यामागे यादीत कुणीतरी आठ वर्षं थांबलेलं असतं.

यादीत नाव घालायला उशीर करू नका, बोट नंतर घेतली तरी चालेल. मधल्या काळात कायाकच्या (वल्ह्याच्या छोट्या होडीच्या) रॅकवर एक जागा मागा, ती बहुधा पहिल्या वर्षीच मिळते. कायाकने तळं जेवढं ओळखीचं होतं तेवढं मोटरबोटीने होत नाही. खडक कुठे वर आलेत, दुपारी वारा कुठून उठतो, लून पक्ष्याचं घरटं कुठल्या कोपऱ्यात आहे, हे दोन उन्हाळ्यांत आपोआप कळतं. पुढे बोट आलीच तर २५ हॉर्सपॉवरच्या वरची मोटर चालवायला बोटिंगचं प्रमाणपत्र लागतं. किनारा, पोहणारी माणसं, धक्के आणि बांधलेल्या बोटी यांच्यापासून १५० फुटांच्या आत लाट उठणार नाही इतक्या सावकाश जायचं. आणि खडकांच्या खुणा पाठ करा: लाल टोपाच्या खांबाला दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून जायचं, काळ्या टोपाच्या खांबाला उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून. समुद्रावरची सवय इथे उपयोगाची नाही.

माझं आजोळ दाभोळच्या खाडीवरचं. तिथे होडी नांगरायची म्हणजे भरती-ओहोटीचा हिशोब. इथे भरती नाही, पण वारा आहे आणि बर्फ आहे, आणि दोन्ही साखळीवर उठतात. मुरिंग म्हणजे वर दिसणारा बोया असं नवीन माणसाला वाटतं. खरं मुरिंग पाण्याखाली असतं. तळाशी ग्रॅनाइटचा किंवा काँक्रीटचा ठोकळा, नाहीतर छत्रीसारख्या आकाराचा लोखंडी नांगर, त्याला जाड साखळी, मध्ये फिरकी, वर बोया आणि बोयापासून बोटीपर्यंत दोर. बोट त्या नांगराभोवती गोल फिरते. वारा बदलला की सगळ्या बोटी एकदम तोंड फिरवतात, आणि म्हणूनच प्रत्येक जागेला बोटीच्या लांबीची मर्यादा ठरवलेली असते. अठरा फुटांच्या जागी बावीस फुटी बोट बांधली तर एरवी काही होत नाही. वारा पडला आणि बोटी वेगवेगळ्या दिशांना वळल्या, की शेजारच्या बोटीला घासायला लागते.

साखळी सगळ्यात आधी झिजते ती तळाला टेकते तिथे. तेवढा भाग दिवसरात्र उचलला जातो, खाली पडतो, वाळूत घासतो. दर मे महिन्यात आम्ही साखळ्या वर ओढून कॅलिपरने कड्या मोजतो. वरच्या कड्या नव्यासारख्या दिसतात, त्यांच्यावर जाऊ नका. हाताने चिखल पुसत खाली खाली जायचं, आणि मग एखादी कडी अशी सापडते की बोटांना जाणवते, जुन्या जोडव्यासारखी एका बाजूला पातळ झालेली. एक तृतीयांश झिजली की साखळी बदलायची, त्यात पैशाचा विचार नाही. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधली आहे ना, तेही तिथेच बघायचं.

हे इतकं सांगतोय कारण एका वर्षी मी ते केलं नाही. त्या मे महिन्यात पुण्याला गेलो होतो, परतल्यावर "मागच्या वर्षीच तर पाहिली" म्हणून बोट तशीच बांधली. ऑगस्टमध्ये वायव्येचं वादळ आलं. तळ्याच्या मधल्या रुंद भागाला इथे ब्रॉड्स म्हणतात, तिकडून लाटा मैलोन् मैल मोकळ्या येतात. रात्री दीडच्या सुमाराला कडी तुटली आणि माझी बोट खालच्या अंगाच्या बोटीवर जाऊन आदळत राहिली. ती बोट शेजारच्या सत्तरीच्या आजोबांची होती, त्यांनी ती स्वतःच्या हाताने वार्निश करून जपलेली. विम्याने पैसे दिले. पण सकाळी ते धक्क्यावर उभे राहून फुटलेल्या फळीवरून हात फिरवत होते, ते मला अजून दिसतं. आमच्याकडे विम्याचा कागद आणि साखळी तपासल्याची नोंद, दोन्ही दिल्याशिवाय बोट बांधू देत नाहीत. कमिटी छळते असं तुम्हाला वाटेल तेव्हा ही फळी आठवा.

बीचबद्दल. आपल्याकडे पाहुणा म्हणजे देव, आणि तळ्याकाठी घर म्हटलं की उन्हाळ्यात दर शनिवारी देव येतात. पण आमच्या बीचवर एका घरामागे किती पाहुणे आणि किती गाड्या याला मर्यादा आहे, आणि तिला कारण आहे. संडास एकच, गाड्यांना जागा मोजकी, आणि रस्ता इतका अरुंद की कडेला चार गाड्या लागल्या तर अग्निशमनचा बंब आत येत नाही. मुलाचा वाढदिवस पंचवीस माणसांचा करायचा असेल तर कमिटीला दोन आठवडे आधी कळवा. आम्ही दरवर्षी कळवतो, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पाहुणे आले की घरचं कुणीतरी बीचवर त्यांच्याबरोबर असलंच पाहिजे. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, संध्याकाळी गाण्यांच्या भेंड्या रंगल्या की पलीकडच्या किनाऱ्यावर शब्द न् शब्द ऐकू जातो. नऊनंतर घरात बसून गा.

भारतातून आईवडील येतात तेव्हाची काळजी वेगळी. असोसिएशनच्या बीचवर जीवरक्षक नसतो. वर हवा तापलेली असली तरी जूनमध्ये पाणी अंगात कापरं भरवणारं असतं, आणि अचानक थंड पाण्यात उतरलं की चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. दोरीने आखलेल्या भागाबाहेर तळ कुठे एकदम खाली जाईल सांगता येत नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर आजीचा हात धरा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. ज्या मुलांना पोहता येत नाही त्यांना ते धक्क्यावरही घाला, हे माझं म्हणणं. मुलं पाण्यात असताना मोठ्यांपैकी एकाने फक्त बघत बसायचं. त्याच्या हातात फोन नको, ताटही नको.

पाण्याला जपणं ही आपल्या सगळ्यांची सगळ्यात मोठी जबाबदारी, आणि इथे आपल्या लोकांकडून नकळत चुका होतात. मुलांना मजा म्हणून हंसांना, बदकांना पाव घालू नका. कॅनडा गूज एकदा पाव मिळतो म्हणून बीचवर बसायला लागला की अख्खा थवा येतो, आणि त्यांच्या विष्ठेतून जंतू आणि फॉस्फरस दोन्ही पाण्यात जातात. फॉस्फरस वाढला की सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, माजतात. पाण्यावर सांडलेल्या हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर कुणालाच पाण्यात जाऊ देऊ नका, कुत्र्याला तर मुळीच नाही, आणि कमिटीला लगेच कळवा. मिलिलिटरमागे पेशी ७०,००० च्या वर गेल्या की राज्य इशारा जाहीर करतं. किनाऱ्यापासून २५ फुटांच्या आत लॉनला खत घालायला कायद्याने बंदी आहे. बीचवर वाळू कमी झाली म्हणून ट्रकभर आणून ओतायलाही राज्याचा परवाना लागतो. दुसऱ्या तळ्यातून बोट आणलीत तर तळाची बूच काढून पाणी आधीच सोडलेलं असलं पाहिजे आणि बोट कोरडी पाहिजे. मिलफॉइल नावाची पाणवनस्पती १९६५ मध्ये याच तळ्याच्या मोल्टनबरो उपसागरात सापडली, तेव्हापासून ती राज्यभर डोकेदुखी झालीय, आणि तिचा बोटभर तुकडा पुरतो. गळाला शिशाची छोटी वजनं लावू नका. २०१६ पासून त्यांच्यावर बंदी आहे, कारण ती गिळून लून मरतात.

आणि गणपती. हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. मूर्ती शाडूची असली तरी तळ्यात विसर्जन करू नका, निर्माल्यही सोडू नका. लेकोनिया गावाचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं. आम्ही अंगणात मोठं पिंप ठेवतो, त्यात तळ्याचीच एक कळशी ओततो. सगळी मराठी घरं जमतात, शेजारची अमेरिकन मुलंही टाळ वाजवायला येतात. दुसऱ्या दिवशी ती माती किनाऱ्यापासून लांबच्या जास्वंदीच्या कुंडीत घालतो. ती कुंडी थंडीत घरात येते, आणि पुढच्या वर्षीच्या पूजेला त्याच जास्वंदीचं फूल असतं.

कमिटी आणि पैशाबद्दल थोडक्यात, कारण पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहिलेल्याला यातलं बरंचसं माहीत असतं. वार्षिक वर्गणी, राखीव निधी, एजीएम, आणि भिंत ढासळली तर वेगळी आकारणी, सगळं तसंच. फरक एवढा की इथे उपनिबंधकाकडे अर्ज करायची सोय नाही. बायलॉज हा करार असतो, आणि ते मोडले तर शेवटचा रस्ता कोर्टाचा, तो दोन्ही बाजूंना बुडवतो. म्हणून मतभेद बोलून मिटवा, ईमेलवर वाढवू नका. सभा ऑगस्टमध्ये असते, तिला जा. येता आलं नाही तर प्रॉक्सी द्या, कोरम झाला नाही की साधं दुरुस्तीचं बजेटसुद्धा अडकतं. दोन वर्षांनी एखादं पद घ्या. खजिनदार व्हायला सहसा कुणी तयार नसतं आणि आपल्याला हिशोब येतो. मी सहा वर्षं होतो. कुठली साखळी कधी बदलली आणि धक्क्याच्या फळ्यांना किती पैसे लागले हे हिशोबाच्या वहीत दिसतं, आणि मग वर्गणी जड वाटत नाही.

हंगाम संपताना सगळ्यांचे हात लागतात. हंगामी धक्के वर्षातले किमान ५ महिने पाण्याबाहेर ठेवावे लागतात, ते ऑक्टोबरात काढतो. बोये उतरवून त्यांच्या जागी उभे, निमुळते खांब लावतो, म्हणजे बर्फ त्यांना धरून नांगर ओढत नाही. मग तळं गोठतं आणि वसंतात सगळे वाट बघत बसतात. माउंट वॉशिंग्टन नावाची मोठी प्रवासी बोट तिच्या सगळ्या बंदरांपर्यंत जाऊ शकेल इतका बर्फ वितळला की "आइस-आउट" जाहीर होतं. १८८७ पासून याच्या नोंदी आहेत. १८८८ मध्ये तो दिवस १२ मे रोजी आला होता, २०२४ मध्ये १७ मार्चलाच, आजवरचा सगळ्यात लवकरचा.

आमचा कामाचा दिवस मे महिन्यातला दुसरा शनिवार. सकाळी आठला धक्क्यावर या. गमबूट आणि जाड हातमोजे तुमचे, वेडरच्या (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या रबरी पोशाखाच्या) दोन जोड्या शेडमध्ये आहेत. पाणी बर्फासारखं असतं, त्यामुळे आत उतरणारे दर वीस मिनिटांनी बदलतात. नवीन आलेल्याला आम्ही पहिल्यांदा साखळी धरायला देतो. दुपारी आमच्याकडे पिठलं-भाकरी असते, शेजारचे आजोबा मक्याचं सूप आणतात. यादीत नाव घालायचं असेल तर तिथेच घाला, वही माझ्याच पिशवीत असते.